आधीच सांगून ठेवतो

तुळसाबाई सिनेमा सांगायच्या. पाहणारे गावात पुष्कळ होते, सांगणारी ही एकच.

सौंसरात तेव्हा थेटर नव्हतं. सिनेमा पाहायचा तर पांढुर्ण्याला जावं लागे. तिथे कापसाच्या हंगामात मैदानावर तंबू पडायचा आणि हंगाम सरला की तंबूवाला गाशा गुंडाळून पुढच्या गावी जायचा. तुळसाबाईंचं माहेर पांढुर्ण्याचं. शनिवारी शाळा सुटली की त्या मोटारीनं भावाकडे जात, दिवस मावळल्यावरचा पहिला खेळ पाहत आणि सोमवारी सकाळी परत येत, त्या पोटात आख्खा सिनेमा घेऊन. मग आठवडाभर त्याचं वाटप चाले. पण हे वाटप सगळ्यांना नसे. ज्यांच्या घरात कुणी गेलं असेल त्यांनाच. बाकीच्यांनी विचारलं तर म्हणत, "तुमचे पाय मोडले का? मोटार जाते ना पांढुर्ण्याले."

तुळसाबाई आणि मी, दोघीही मुलींच्या प्राथमिक शाळेत मास्तरणी. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी मी लागले, तेव्हा मी वीस वर्षांची आणि त्या चाळिशीच्या घरात. उंच, काटक, अंगावर बिनकाठाचं पांढरं लुगडं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि बारा महिने काखेत पुरुषाची मोठी काळी छत्री. नवरा त्यांना आठवतही नव्हता. "लग्नात त्याले मी पाह्यलं नाही, मेला तेव्हा कोणी पाहू दिलं नाही," असं सांगत, आणि ऐकणाऱ्यानं हळहळायला तोंड उघडावं तोवर दुसऱ्याच विषयावर गेलेल्या असत.

सांगायला बसल्या की पहिलं वाक्य ठरलेलं. छत्री भिंतीला टेकवायची, मांडी घालायची, चष्मा पदरानं पुसायचा आणि म्हणायचं, "यात मरण आहे बरं. आधीच सांगून ठेवतो." आमच्याकडे बाईमाणूसही 'मी सांगतो', 'मी जातो' असंच बोलतं. पुण्याकडच्या पाहुण्यांना त्याचं हसू येतं, येवो. कोण मरतं, कशानं मरतं, कधी मरतं, सगळं त्या अगोदर सांगून मोकळ्या होत. "नवरा मरते. तापानं मरते. मध्यंतरानंतर मरते, तोवर बिनघोर ऐक." मी पुष्कळदा सोबत असे. एकदा एका विधवेच्या घरून परतताना म्हटलं, "बाई, सगळी मजाच घालवता तुम्ही." तर माझ्याकडे चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "हिचा नवरा गेला थो काय सांगून गेला? एकदा तरी तिले आधी कळू दे."

गाणी त्यांना गाता येत नसत. गळा फाटका. मग त्या गाणं सांगत. "आता ती गाणं म्हणते. झाडाखाली उभी राहून म्हणते. चांगलं आहे गाणं. झालं." मारामारीही तशीच, "दोघं भिडले, पडले, उठले." पण आईनं डबा भरून दिला, मुलानं बुटाची नाडी बांधली, असं काही आलं की पाच-पाच मिनिटं तिथेच. मध्यंतर मात्र चुकायचं नाही. तंबूत मध्यंतराला फुटाणेवाला फिरतो म्हणून ह्याही कमरेची पुरचुंडी सोडत आणि समोरच्या बाईच्या हातावर मूठभर फुटाणे ठेवत. दोन-दोन दिवस अन्नाला न शिवलेल्या बायका सिनेमाच्या नादात फुटाणे खाऊन जात आणि मग पाणी मागत. तुळसाबाईंचं खरं लक्ष तिथेच असायचं.

त्या काळी नवरा गेलेल्या बाईनं कोपरा पाळायचा असे. घरातल्या एका खोलीत भिंतीशी बसायचं, कुठे सहा महिने, कुठे वर्षभर. धान्याच्या एका व्यापाऱ्याची सून एकोणिसाव्या वर्षी अशी बसली होती. तुळसाबाई सोमवारी तिथे गेल्या. तिसऱ्या दिवशी सिनेमात एक बावळट नोकर येतो, तो चहात मीठ घालतो, आणि कोपऱ्यातली पोर खुदकन हसली. ते सासूनं ऐकलं. सासूबाई नाकावर राग घेऊन दारात आल्या. "मास्तरीणबाई, हे काय लावलं? घरात कोन गेलं, कायचा दिवस, काही लाज?" तुळसाबाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्या पुढे सांगत राहिल्या, की त्या नोकराला मालक हाकलून देतो आणि तो आपल्या म्हाताऱ्या आईकडे जातो, तर दाराला कुलूप. सासूबाई तशाच उभ्या. मग उंबऱ्यावर टेकल्या. म्हणाल्या, "मंग? त्याची माय कुठी गेली?" त्यांच्याच पोटचा मुलगा गेला होता, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवशी त्या दोघी सासवा-सुना त्या नोकराच्या आईसाठी पोटभर रडल्या, आणि तुळसाबाई छत्री उचलून घरी आल्या.

पुस्तकांचंही तसंच. गावच्या वाचनालयातली कादंबरी त्यांच्या हातून परतली की तिच्या एखाददुसऱ्या पानाच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उठलेलं असे. पुढच्या पानावर मरण आहे, ही त्याची खूण. नागपूरहून येणारी नवी कोरी पुस्तकंही सुटत नसत. वाचनालयाचे चिटणीस एकदा तणतणत शाळेत आले. पुस्तकं खराब होतात हे एक, आणि विधवा बाईनं हळदीचं बोट उठवावं हे दुसरं. दुसरंच त्यांना जास्त झोंबलं होतं. तुळसाबाई म्हणाल्या, "नाल्यात खोल पाणी असलं तर काठी रोवून ठेवता ना तुम्ही? तेव्हा काठी कोणं रोवली हे पाहता का?" वर्षाच्या आत चिटणीसांची आई वारली, तेव्हा मला त्यांनी हळूच विचारलं, "बाईंच्या खुणेचं एखादं पुस्तक आहे का सध्या तुमच्याकडे?"

हे सगळं मी हसत सांगते आहे, कारण पुढचं सांगायचं जिवावर येतं.

माझी वहिनी, वच्छलावहिनी. दादाची सौंसरला संत्र्याची बाग होती, मी त्यांच्याकडेच राहत होते. त्यांची एकुलती एक मुलगी शकू, सहा वर्षांची. माझ्याच शाळेत पहिलीत. तुळसाबाईंच्या छत्रीत शिरून घरी यायची तिला फार हौस. श्रावणातल्या एका शनिवारी घरचे सगळे बैलगाडीनं जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघाले. मी शाळेमुळे गेले नाही. इकडे थेंबभर पाऊस नव्हता, वर कुठेतरी डोंगरात झाला असावा. गाडी नाल्याच्या मधोमध असताना लोंढा आला. दादा, आई, वहिनी, गाडीवान, बैलसुद्धा निघाले. शकू गेली. पाच दिवस माणसं काठानं शोधत होती. काही सापडलं नाही.

पहिल्या आकांतात आईनं वहिनीला एकदाच विचारलं, "हात कसा सुटला वं तुह्या हातून?" पुन्हा कधी विचारलं नाही. पण एकदा विचारून झालं होतं.

लहान लेकराचं सुतक नाही, दिवस नाहीत, काही नाही. वर आईचा एक समज होता, तिच्या आईकडून आलेला, की आईनं लेकरासाठी आसू गाळले तर त्याच्या वाटेत चिखल होतो, त्याचा पाय फसतो. "आधीच पान्यात गेलं लेकरू," ती वहिनीला म्हणाली, "आता तुह्या आसवाचं पानी त्याच्या वाटेत कायले?" तिनं दुष्टपणानं म्हटलं नव्हतं. तिची नात होती, तीही गिळूनच बसली होती. वहिनीनं मात्र ते शब्द धरले. ती रडली नाही. मग बोलायची थांबली. मग जेवायची. सांगितलं तर दोन घास, नाही सांगितलं तर नाही. दिवसभर माजघरात बसून शकूच्या झबल्या-फ्रॉकांच्या शिवणी उसवायची आणि पुन्हा घालायची. दादानं नागपूरचा डॉक्टर केला, आईनं अंगारे केले. सगळ्यांनी हात टेकले.

तुळसाबाई पहिल्याच आठवड्यापासून येत होत्या. तेव्हा तंबू नव्हता म्हणून जुने सिनेमे सांगत, कादंबऱ्या सांगत. "यात मरण आहे, वच्छला. आधीच सांगून ठेवतो." वहिनीची सुई चालूच. मध्यंतराला हातावर ठेवलेले फुटाणे तसेच राहत. हात मिटायचासुद्धा नाही. तुळसाबाई निघताना ते वेचून परत पुरचुंडीत बांधत. असे तीन महिने गेले. वाटेत मला म्हणत, "कमल, माह्यावाली सगळी विद्या संपली."

दिवाळीनंतर पांढुर्ण्याला तंबू पडला. सोमवारी शाळा सुटल्यावर तुळसाबाई आल्या. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते, दार उघडंच होतं. छत्री टेकवली, चष्मा पुसला. म्हणाल्या, "वच्छला, यात एक पोरगी आहे. पुरात हरवते. यात..." आणि थांबल्या. इतकी वर्षं मी त्यांना ऐकत होते, पण त्या वाक्यात त्या कधी थांबल्या नव्हत्या. मी मान वर केली. वहिनीची सुई हवेत होती. ती तुळसाबाईंकडे पाहत होती, तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणाकडे तरी पाहत होती.

"यात," तुळसाबाई म्हणाल्या, "पोरगी सापडते."

"सापडते?" वहिनी बोलली.

माझ्या हातातली मेथी गळून पडली. मी आईला बोलवायला धावले. आम्ही दोघी दाराआड उभ्या राहून ऐकत होतो. पोरगी वाहत जाते, एका कोळ्याला सापडते, तो तिला आपल्या झोपडीत वाढवतो, आणि शेवटी आई जत्रेत तिला हातावरच्या गोंदणावरून ओळखते. मध्यंतराला वहिनीनं फुटाणे खाल्ले. रात्रीच्या पंगतीला स्वतः येऊन बसली. दुसऱ्या दिवशी आईनं तुळसाबाईंच्या घरी संत्र्यांची भली मोठी पाटी पाठवली आणि गावभर सांगत सुटली, की मास्तरणीच्या जिभेवर मारुतीराया बसला आहे.

आठवडा आनंदात गेला. मग माझ्या लक्षात आलं, की वहिनी फ्रॉक शिवते आहे तो बोटभर मोठा आहे. मी विचारलं, "हा कुणाला?" तर म्हणाली, "चार महिन्यांत वाढली नसन का?" दोन दिवसांनी ती दुपारी घरात नव्हती. गाडीवानाला नाल्याच्या काठावर सापडली, काखेत कोरडे कपडे. "सापडली तं ओल्या अंगानं आनाची का?" असं तिनं त्यालाच उलट विचारलं.

मी शाळेत मधल्या सुट्टीत हे तुळसाबाईंना सांगितलं. त्या डबा उघडून बसल्या होत्या, तो त्यांनी तसाच मिटला. "कमल," त्या म्हणाल्या, "सिनेमात पोरगी मरते. आईच्या मांडीवर मरते. मी खोटं सांगितलं."

मला राग आला. आजही सांगताना लाज वाटते, पण मी त्यांना फाडफाड बोलले. गावाला आधी सांगत फिरता, आणि जिला सांगायची खरी गरज तिथेच तुमची जीभ वळली नाही! त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "तिनं माह्याकडे पाह्यलं ना गं."

मार्ग त्यांनीच काढला. वहिनीला तंबूत न्यायचं. जे आपल्या तोंडून निघालं नाही ते पडद्यावर दिसेल. डोळ्यांनी पाहिलं की फुटेल, रडेल, सुटेल. पडद्यासाठी रडलं तर आईच्या त्या चिखलाचीही भीती नाही, आसवं सिनेमातल्या पोरीची. दादा तयार झाला. सिनेमा चांगला चालला होता म्हणून तंबूवाल्यानं अजून ठेवला होता. शनिवारी आम्ही तिघी मोटारीनं पांढुर्ण्याला गेलो. बायकांची बाजू कनातीनं वेगळी केलेली, खाली सतरंज्या, पुढे कापूस वेचणाऱ्या बायका लेकरांसकट. वहिनी आमच्या दोघींच्या मध्ये बसली. पूर आला तेव्हा मी डोळे मिटले. तिनं मिटले नाहीत. मध्यंतराला तुळसाबाईंनी फुटाणे दिले, तिनं खाल्ले. आणि शेवटी ती पोरगी आईच्या मांडीवर गेली. आमच्या आजूबाजूला एकच हुंदका उठला, पुढची म्हातारी तर ऊर बडवायला लागली. तुळसाबाई पडद्याकडे पाहतच नव्हत्या. त्या वहिनीचा चेहरा पाहत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते, बहुतेक मारुतीचं नाव घेत असाव्यात.

वहिनी शांत होती. दिवे लागले, बायका डोळे पुसत उठल्या. तिनं लुगड्याची धूळ झटकली आणि म्हणाली, "या सिनेमावाल्यायले बराबर मालूम नाही, बाई. तुम्ही सांगितला थोच खरा." आणि कनातीतून बाहेर पडता पडता, अगदी सहज, "मंग जत्रेतून घरी आल्यावर काय झालं?"

तुळसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. माझ्याजवळ काय होतं द्यायला? आम्ही त्यांच्या भावाच्या घराशी आलो. मग तुळसाबाई म्हणाल्या, "जत्रेतून घरी आल्यावर आईनं तिचे केस विंचरले."

त्या दिवसापासून हे सुरू झालं. रोज चार वाजता शाळा सुटली की तुळसाबाई आमच्याकडे येत आणि पुढचं सांगत. नाही सांगितलं की वहिनीचं ताट तसंच राही आणि ती नाल्याकडे निघे. सांगितलं की घरात वावरे, रांधे, दादाच्या सदऱ्याची बटणं लावी. दुसरीकडे कुठे सिनेमा सांगायला त्यांना वेळच उरेना. कोपऱ्यात बसलेल्या बायका वाट पाहत राहिल्या. त्या सिनेमातली पोरगी शाळेत गेली, तिला गोवर निघाला, उतरला, तिचं नवं दप्तर पावसात भिजलं. तुळसाबाई हे सगळं वर्गातल्या मुलींकडून उचलत. कुणाचा दात पडला, कुणी पाढे चुकलं, की मला शंकाच नसे, आज चार वाजता हे आमच्या माजघरात येणार. शकूचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, वहिनीनंही नाही. फक्त 'पोरगी'.

एकदा मी म्हटलं, "बाई, संपवा की आता. एक दिवस धीर करून सांगून टाका." तेव्हा त्या म्हणाल्या, "रोज घरून तिले मारायच्याच विचारानं निघतो मी. आजारी पाडतो, तापही चढवतो. अन् येऊन पाहतो तं वच्छला दारात उभी असते." आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. पण त्यांना छत्री उघडता येईना, तिची कळ दोनदा चुकली, तेव्हा मीच ती उघडून दिली.

त्यातच राज्यांची वाटणी झाली. नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, आम्ही इकडे हिंदी राज्यात राहिलो. एवढं मोठं घडलं पण सौंसरात आवाज झाला नाही, फक्त नागपूरच्या मोटारीत बसणाऱ्यांना आता परराज्यात निघाल्यासारखं वाटू लागलं. वाचनालयात नवी मराठी पुस्तकं येईनाशी झाली. ज्यांना पलीकडे जायचं त्यांनी अर्ज करावा असं आम्हा मास्तरणींत चाललं होतं. मी अर्ज केला. माझं लग्नही नागपूरलाच ठरलं होतं. तुळसाबाईंनी तर आयुष्यभर नागपूरचं स्वप्न पाहिलेलं, तिथे म्हणे गावात एकेक म्हणता कितीतरी थेटरं, दुपारी बारापासून खेळ. मी त्यांच्यासाठीही कागद आणला. त्यांनी तो नीट घडी करून पुस्तकात ठेवला. "तिकडे गेलो तर चार वाजता इकडे कोण येईन?" म्हणाल्या. मी म्हटलं, मी वहिनीला घेऊन जाते नागपूरला. हे मी तोंडदेखलं म्हटलं होतं, ते त्यांनाही कळलं. मी गेले.

वर्षातून एकदोनदा सौंसरला येत असे. दरवेळी पोरगी मोठी झालेली असे. चौथी पास झाली, परकर नेसू लागली, स्वयंपाक शिकली. हळूहळू तुळसाबाई वाकल्या, छत्री काठीसारखी टेकत चालू लागल्या. आई वारली तेव्हा मी आले होते. त्या वेळी त्यांनी मला एकटीला गाठून हळूच सांगितलं, "आता उपाय सापडला कमल. पोरगी पंधरा वर्षांची होऊन राहिली. तिचं लग्न लावतो. दूर देतो, पार मुलताईच्याही पलीकडे. सासरी गेली म्हणजे काय रोज खबर येते का? एखादं पत्र, मग तेही नाही. मारायची गरज नाही." किती दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं. मुलगा पाहून ठेवला होता, तोही मास्तर. मार्गशीर्षात लग्न धरायचं, असं आम्ही दोघींनी त्या सिनेमातल्या पोरीचं पक्कं केलं. मी तर म्हटलं, आहेर नागपूरहून पाठवते.

कार्तिकात दादाचं पत्र आलं. तुळसाबाईंना लकवा झाला होता. डावी बाजू गेली आणि वाचा गेली.

मी पोहोचले तेव्हा चार वाजून गेले होते. त्यांची एकच खोली, शाळेमागच्या गल्लीत. दार उघडंच होतं, भिंतीला छत्री टेकलेली. ती त्यांची होती, पण त्या तर खाटेवर होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं, चष्मा नाही. खाली मांडी घालून वहिनी बसली होती, पाठ माझ्याकडे. दादानं सांगितलं होतं, की बाई पडल्यापासून त्यांची छत्री वहिनीकडेच असते आणि ती घेऊन वहिनी रोज चारला इकडे येते. पोरीचं पुढे काय झालं हे आता कुणी सांगणार नव्हतं, आणि मला वाटलं, ती इथेही तेच विचारायला येत असेल. मुक्या बाईला विचारत असेल, मंग काय झालं? मला आत पाऊल टाकवेना.

वहिनीनं पदरानं काहीतरी पुसल्यासारखं केलं. तिला चष्मा नव्हता.

"बाई, आज मी सांगतो," ती म्हणाली. "यात पोरगी मरते. आधीच सांगून ठेवतो."

तुळसाबाईंच्या घशातून एक आवाज आला. शब्द नव्हता. त्यांनी मान हलवायचा प्रयत्न केला, नको म्हणत होत्या की हो म्हणत होत्या, मला कळलं नाही. उघड्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. वहिनीनं ते पुसलं नाही.

"रडा," ती म्हणाली. "कोनाची वाट ओली नाही होत."

मग तिनं सांगायला सुरुवात केली. एक गाडी असते. शनिवार असते. पोरगीनं लाल रिबिनी बांधल्या असते. गाडी नाल्यात उतरते, पाणी आधी घोट्याइतकं असते. तुळसाबाईंसारखंच ती एकेका गोष्टीपाशी थांबत होती, रिबिनीपाशी, बैलाच्या घुंगरांपाशी. आवाज अगदी साधा, डोळेही कोरडेच असतील असं वाटावं इतका साधा.

"अन् मायनं पोरगीचा हात धरला असते, बाई," ती म्हणाली. "घट्ट धरला असते. मी घट्टच धरला होता."

तुळसाबाईंचा उजवा हात, जो अजून हलत होता, खाटेवरून घसरत खाली आला आणि त्यानं वहिनीचं मनगट पकडलं. पुढचं मी ऐकलं नाही. दादानं दिलेली संत्र्यांची पिशवी उंबऱ्यावर ठेवून मी परत फिरले. चार पावलं जाऊन मागे वळून पाहिलं, तर उघड्या दारातून अजून तो हात दिसत होता, मनगट सोडलेलं नव्हतं.